मोजपट्टी

दारावर कागद डकवलेला: किल्ली घर नंबर सत्तेचाळीस.
खाली फोन नंबर, त्याचा शेवटचा आकडा उन्हाने खाल्लेला.
ट्रान्सिल्व्हेनियातलं गाव. वेशीवरच्या पाटीवर
तीन भाषांत तीन नावं,
आणि रस्त्यावर एक हंस, तोही घाईत.

रेगिना ड्रोटलेफ. वय एक्क्याऐंशी.
अॅप्रनच्या खिशात किल्ली.
किल्ली कसली, दांडकंच ते.
कुत्र्यांसाठी बरी पडते, म्हणाली.
नाव विचारलं. सेप्टिमिऊ, मी सांगितलं.
म्हणजे सातवा?
नाही, एकुलता एक.
यावर ती हसली आणि कुलूपही उघडलं,
आधी काय झालं ते आठवत नाही.

मी सिबिऊच्या कचेरीचा माणूस.
एका इमारतीला एक फॉर्म, एका फॉर्मात बासष्ट रकाने.
तटाची भिंत, बंदुकीच्या फटी,
उत्तरेच्या बुरुजात खुंट्यांच्या रांगा:
इथे घराघराचं डुकराचं मांस टांगलेलं असे,
ज्याच्या त्याच्या शिक्क्यासकट.
रविवारी प्रार्थना आटोपली की
आपापला तुकडा कापून न्यायचा.
धुराचा खारट वास अजून आहे.
त्याला रकाना नाही.

आत बाकं. मुलींच्या बाकांना पाठ नाही.
झग्याच्या चुण्या मोडू नयेत म्हणून, मी वाचलेलं बोललो.
डुलकी लागू नये म्हणून, ती म्हणाली,
आणि तिसऱ्या रांगेत
जाऊन बसली, अगदी ताठ.

जरा बाजूला व्हाल का, फोटोत येताय.
चार वेळा म्हणालो असेन.
चारही वेळा ती उठली,
खांबाआड गेली, निमूट.
सवय आहे, म्हणाली.
नव्वद साली अख्खं गावच असं बाजूला झालं,
बसा भरभरून, जर्मनीला.
भाऊ दर नाताळला कॅलेंडर पाठवतो,
बारा महिने बारा किल्ले,
एकातही माणूस नाही.

मग मनोरा घ्यायला बाहेर आलो
आणि लक्षात आलं, मोजपट्टी मागच्याच गावात
भिंतीला टेकून राहिली.
पट्टीशिवाय फोटो म्हणजे नुसतं चित्र,
कचेरी परत पाठवते.
मी खिसे चाचपले, जणू दोन मीटरची काठी
खिशात मावते.

तुम्ही उभ्या राहाल का?
मापासाठी, घाईने जोडलं.

तिने अॅप्रन सोडला.
आत निळा झगा, इस्त्रीचा, गळ्याशी पिन.
सकाळपासून तो
आतच होता.

उंची विचारली. एकशे साठ लिहा.
माझी नजर तिच्या खांद्यावरून दारावर गेली,
तिने ती पकडली.
लग्नातलं माप आहे ते. आता कमी भरेन.
मी मनात हिशेब मांडला:
आठ सेंटिमीटर जास्त धरले
तर तीस मीटरचा मनोरा
कागदावर दीड मीटर वाढतो.
तसं सांगितलंही, प्रामाणिकपणे.
तिने मान मागे टाकून वर पाहिलं,
बराच वेळ.
वाढू द्या की, म्हणाली.
माझ्या लहानपणी
तेवढाच होता.

शटर दाबलं. एकदाच.
रकाना अठ्ठावन्न, मोजपट्टीचा प्रकार:
रेगिना ड्रोटलेफ, एकशे साठ.
पेन शाईचं होतं, खोडता येणार नव्हतं,
असं कचेरीत सांगायचं ठरवलं.

परतताना मागच्या गावी थांबलो.
पट्टी होती. एक पोरगा तिने
आलुबुखार पाडत होता, काळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर
जांभळा रस.
मला बघून थबकला, काठी मागे लपवली,
त्याच्यापेक्षा दीडपट उंच काठी.
मी काच खाली केली आणि
त्या वरच्या फांदीकडे बोट दाखवलं.